तळ्याकाठी मुक्काम कोणाचा?

दलित साहित्यात निसर्ग का नाही, असा प्रश्न आपल्याला अधूनमधून विचारला जातो. विचारणारे बहुधा सज्जन असतात. आपल्या आत्मकथनांतील भूक, अपमान, मेलेल्या ढोराचे मांस हे सारे त्यांनी मान्य केलेले असते. पण चांदणे, तळे, रानवाट, पावसाचा पहिला वास यांचे या लेखकांना काहीच कसे वाटत नाही, अशी त्यांची हळहळ असते. त्यावर आपले ठरलेले उत्तर असे, की रिकाम्या पोटाला चांदणे दिसत नाही. हे उत्तर मला पूर्वी पुरेसे वाटे, आता वाटत नाही. माझे आजोबा दुसऱ्याच्या ज्वारीच्या राखणीला उभ्या हयातीत किती रात्री रानात जागले याची मोजदाद नाही. त्यांना चांदणे दिसतच होते. काही काम नसताना, हातात काठी नसताना, अंधार पडल्यावर तळ्याच्या काठी नुसते बसून राहण्याची मुभा मात्र त्यांना कधी नव्हती. तसे बसले असते तर 'इथे काय करतोस रे?' हा प्रश्न आला असता. नुसते बसणे हीसुद्धा एक मालमत्ता आहे आणि इतर मालमत्तांप्रमाणे तिचीही वाटणी झालेली आहे. या वाटणीचा इतिहास आपल्याकडे कोणी लिहिलेला नाही. अमेरिकेत मात्र तो कायद्यांत, आदेशांत, रंगवलेल्या पाट्यांवर लेखी सापडतो. म्हणून तेथून सुरुवात करतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात एका परिषदेच्या निमित्ताने मला अमेरिकेस जाण्याची संधी मिळाली. माझा एक जुना विद्यार्थी वॉशिंग्टनजवळ नोकरीला आहे. त्याच्याकडे आठ दिवस राहिलो. शनिवारी तो म्हणाला, "सर, तुम्हाला रानात झोपायला नेतो." मी म्हटले, "रानातच झोपायचं होतं तर विमानाचं तिकीट कशाला काढलं रे?" तो हसला, पण न्यायचे ते नेलेच. व्हर्जिनिया राज्याच्या पश्चिमेला डोंगराच्या रांगा आहेत. तेथील जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात एका लहान तळ्याच्या काठी आम्ही तंबू ठोकला.

या मुक्कामाच्या जागेचे थोडे वर्णन केले पाहिजे, कारण तिची रचनाच पुढे बोलणार आहे. वीज नाही, गरम पाणी नाही, दुकान नाही. संडास खड्ड्याचा, पण स्वच्छ. आत शिरताना एक जाडजूड लोखंडी नळकांडे रोवलेले. तेथील पाकिटात भाडे घालायचे, पाकिटावर गाडीचा क्रमांक लिहायचा आणि ते फटीतून आत टाकायचे. पहारेकरी कोणी नाही. एकच एकदिशा रस्ता गोल फिरून परत येतो. त्याच्या कडेला गाडीपुरती एकेक आखूड फाटी, प्रत्येक फाटीला क्रमांकाचा खुंट, एक जड लाकडी मेज आणि जाळासाठी लोखंडी कडे. अन्न तंबूत ठेवायचे नाही, गाडीत कोंडायचे, कारण अस्वले येतात. जळण दुरून आणायचे नाही, कारण त्यातून झाडे मारणारे किडे येतात. आणि मध्यभागी पाण्यासाठी एक हापसा.

हापसा पाहून मी थबकलो. दांडा दाबला, दहा-बारा वेळा कोरडा आवाज झाला, मग पाणी आले. माझ्या मागे एक गोरी म्हातारी हातात पत्र्याची बादली घेऊन उभी होती. तिने मला काही विचारले नाही, मी तिला काही विचारले नाही. माझे भांडे भरले, तिने दांडा हातात घेतला. एवढीच घटना. पण त्या रात्री झोप लागली नाही. तळे समोर काळे पसरले होते, बेडूक ओरडत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे माझ्या गावातले दोन हापसे उभे होते. त्यांच्याविषयी पुढे सांगेन.

अमेरिकेतील राष्ट्रीय वने आणि आपल्याकडची राखीव वने यांचे नाते चुलतभावांचे आहे. डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला. हाच ब्रँडिस म्हातारपणी युरोपात असताना गिफर्ड पिंचो नावाचा एक श्रीमंत अमेरिकन तरुण वनविद्या शिकण्यासाठी त्याच्याकडे आला. ब्रँडिसने त्याला मार्ग दाखवला. पुढे १९०५ मध्ये अमेरिकेची वनसेवा स्थापन झाली, तेव्हा पिंचो तिचा पहिला प्रमुख झाला. वन सरकारने राखायचे, शास्त्राने तोडायचे आणि भोवतालच्या माणसांना शिस्त लावायची, ही कल्पना दोन्हीकडे एकाच घराण्यातून आली. गावांसाठी काही वने वेगळी ठेवावीत असे खुद्द ब्रँडिसचे मत होते; पण १८७८ चा वनकायदा करताना ते मागे पडले. त्या कायद्याने आपल्याकडच्या गुराख्याची आणि मोळीविक्याची काय गत केली, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्यावर आसूड ओढून सांगितले आहे. ते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

व्हर्जिनियातील हे रान मात्र मूळचे राखलेले नव्हे. ते उजाड झालेले रान होते. एकोणिसाव्या शतकात या डोंगरांत लोखंड गाळण्याच्या भट्ट्या होत्या. भट्टीला कोळसा लागे, कोळशासाठी जंगल तोडले जाई, आणि यादवी युद्धापूर्वी या भट्ट्यांवर झाडे तोडणारे, कोळसा पाडणारे, लोखंड ठोकणारे हात फार मोठ्या प्रमाणात गुलामांचे होते. काही भट्टीमालकांच्या मालकीचे गुलाम, काही वर्षाच्या भाड्याने आणलेले. पुढे भट्ट्या विझल्या, लाकूडकंपन्यांनी उरलेसुरले कापले आणि उघडे डोंगर पुरात वाहू लागले. १९११ च्या कायद्याने सरकारला अशा जमिनी विकत घेता येऊ लागल्या. १९१८ मध्ये येथे राष्ट्रीय वन झाले आणि १९३२ मध्ये त्याला जॉर्ज वॉशिंग्टनचे नाव मिळाले. म्हणजे काळ्या माणसाच्या कुऱ्हाडीने जे रान गेले, तेच पुन्हा वाढल्यावर 'निसर्ग' झाले.

या निसर्गात मुक्काम कसा करायचा, हेही कोणीतरी ठरवावे लागले. मोटारी स्वस्त झाल्यावर शहरातले लोक रानात येऊन वाटेल तेथे गाडी घालू लागले. माती दबली, मुळे गुदमरली, झाडे वाळू लागली. मायनेके नावाच्या एका वनस्पतिरोगतज्ज्ञाने १९३२ मध्ये उपाय सांगितला. तो उपाय म्हणजे गोल एकदिशा रस्ता, गाडीला ठरलेली फाटी, हलवता न येणारे मेज आणि एकाच जागी जाळ. माणसाला कळू न देता त्याचे पाय बांधायचे. मी जेथे झोपलो ती जागा या आराखड्याबरहुकूम होती. आज अमेरिकाभर अशा जागा आहेत, आणि प्रत्येकाला वाटते की तळ्याकाठची ही मोकळीक आपोआप तयार झाली आहे.

पण आराखडा कागदावर होता. रस्ते कोणी खोदले? तळ्यांचे बांध कोणी घातले?

१९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत कोट्यवधी माणसे बेकार झाली. ३१ मार्च १९३३ रोजी रूझवेल्टने बेकार तरुणांना रानात कामाला लावण्याच्या कायद्यावर सही केली. त्यातून 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' उभे राहिले. महिन्याला ३० डॉलर मजुरी, त्यातले साधारण २५ परस्पर घरी आईबापांना. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण या छावण्यांतून गेले. पहिली छावणी एप्रिल १९३३ मध्ये याच जॉर्ज वॉशिंग्टन वनात पडली. आपल्याकडच्या दुष्काळी कामांची आठवण ज्यांना आहे त्यांना या योजनेचे मोल सांगावे लागणार नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आमच्या गावच्या लोकांनी जे पाझर तलाव बांधले, ते अजून आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या काठी कोणी सहलीला जात नाही.

या कायद्यात एक कलम होते आणि ते आपण नीट वाचले पाहिजे. ऑस्कर डी प्रीस्ट हा त्या वेळी अमेरिकन काँग्रेसमधला एकमेव काळा सभासद. त्याने दुरुस्ती सुचवली, की भरती करताना वंश, वर्ण किंवा पंथ यांवरून भेद करू नये. दुरुस्ती मंजूर झाली. कायदा स्वच्छ होता. आणि प्रत्यक्षात? काळ्या तरुणांची भरती लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास रोखून धरली गेली. बेकारी मात्र त्यांच्यात गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. सुरुवातीला काही छावण्या मिश्र होत्या. जुलै १९३५ मध्ये संचालक रॉबर्ट फेक्नर याने आदेश काढला, की काळ्या आणि गोऱ्या तुकड्या वेगळ्या करा. हा फेक्नर कोणी जमीनदार नव्हता, तो यंत्रकामगारांच्या संघटनेचा पुढारी होता. कामगारांचा पुढारी म्हणजे जातीच्या पलीकडचा, या समजुतीने आपणही पूर्वी बरेच फसलेलो आहोत. काळ्यांच्या संघटनेने तक्रार केली, तेव्हा त्याचे उत्तर असे होते, की वेगळे ठेवणे म्हणजे भेदभाव नव्हे.

हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा ते इंग्रजीत वाचतो आहे असे मला वाटलेच नाही. ते मी मराठीत शेकडो वेळा ऐकले आहे. वेगळी पंगत, वेगळा कप, वेगळा मसणवटा. आणि वर पुन्हा, 'आम्ही तुम्हाला कुठं काय कमी करतो?'

सुमारे दोन लाख काळे तरुण या दलात होते. आणि त्यांच्या आयाबहिणींना, भावंडांना दलाच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या तळ्यांवर काय मिळाले ते पाहा. १५ जून १९३६ रोजी व्हर्जिनिया राज्याने आपली पहिली सहा उद्याने एकाच दिवशी उघडली. बांधकाम याच दलाचे. सहाही फक्त गोऱ्यांसाठी. त्यातले डाउथॅट उद्यान क्लिफ्टन फोर्ज या गावाजवळ आहे. पन्नास एकरांचे तळे, वाळूचा काठ, तंबूच्या जागा, लाकडी कुट्या. क्लिफ्टन फोर्ज हे रेल्वेचे गाव. तेथे काळ्यांची वस्ती होती, आणि काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची शाखाही होती. तळे डोळ्यांपुढे, कर त्यांनीही भरलेला, आणि आत पाऊल टाकता येत नाही. शाखेने वनसेवेकडे मागणी केली, की राष्ट्रीय वन तरी केंद्र सरकारचे आहे ना. मग आम्हाला त्यात एक जागा द्या.

वनसेवेने दिली. भट्ट्यांच्या जुन्या गावाजवळ, लाँगडेलला, दलाच्या तरुणांनी ओढ्याला बांध घालून एक लहान तळे केले. वाळूचा काठ, कपडे बदलण्याची इमारत, छपराखाली बसण्याची मेजे. १९४० मध्ये ते उघडले. नाव ठेवले 'ग्रीन पाश्चर्स', म्हणजे हिरवी कुरणे. शब्द बायबलातील एका स्तोत्रातले आहेत. राष्ट्रीय वनात काळ्यांसाठी म्हणून बांधलेली ही पहिली जागा मानली जाते. रविवारी चर्च सुटल्यावर गाड्या भरभरून लोक तेथे येत. मुले पोहायला शिकली ती तेथे.

साधारण त्याच सुमारास, १९३९ मध्ये, जवळच्या शेनंदोआ राष्ट्रीय उद्यानात लुईस माउंटन नावाची मुक्कामाची जागा तयार झाली. हे उद्यान वनसेवेचे नव्हे, दुसऱ्या खात्याचे. त्या खात्याचा मंत्री हॅरल्ड इकीस हा एके काळी शिकागोत काळ्यांच्या त्याच संघटनेचा अध्यक्ष होता. तरीही रस्त्यावर लाकडी पाटी लागली, तिचे छायाचित्र आज उपलब्ध आहे. तिच्यावर कोरले होते, की ही नीग्रोंची जागा, येथे उपाहारगृह, कुट्या, मुक्कामाची जागा, सहलीची जागा. खात्यातील काळे सल्लागार विल्यम ट्रेंट यांनी पाठपुरावा केला, इकीसचेही मन होते, म्हणून भेद हळूहळू सैल होत गेला आणि १९५० पर्यंत तेथील सर्व सोयी सर्वांना खुल्या झाल्या. 'नीग्रो' हा शब्द आपल्या नियतकालिकांत एके काळी सर्रास छापला जाई, आपुलकीने छापला जाई. आज ते लोक तो नाकारतात, म्हणून मी तो पाटीपुरताच ठेवतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी गोऱ्या कुटुंबाला तंबूत राहणे हा छंद होता. काळ्या कुटुंबाला मात्र प्रवासात हॉटेले बिछाना देत नसत, म्हणून रस्त्याकडेला गाडीतच झोपावे लागे. कोठे जेवण मिळेल, कोठे रात्र काढता येईल याची यादी देणारे 'ग्रीन बुक' नावाचे पुस्तक १९३६ पासून तीस वर्षे निघत होते, ते हौसेसाठी नव्हे. उघड्यावर झोपणे तेच, आकाश तेच. एकाला तो अनुभव आणि दुसऱ्याला ती नामुष्की. आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांना हे वेगळे समजावून देण्याची गरज नाही. गावाबाहेर पाल ठोकले की पोलीसपाटलाकडे हजेरी, ही रीत १८७१ च्या कायद्याने लावली आणि तो कायदा १९५२ मध्ये गेला तरी संशय गेला नाही. आज त्याच माळावर शहरातल्या मंडळींचे रंगीत तंबू लागतात आणि त्याचे रात्रीचे दोन-दोन हजार रुपये घेतले जातात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. क्लिफ्टन फोर्जच्या लोकांनी वेगळे तळे मागितले, हे त्यांनी बरे केले की वाईट?

मी विद्यार्थिदशेत असतो तर उत्तर एका क्षणात दिले असते. महाडला बाबासाहेबांनी वेगळे तळे मागितले नाही. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरी कोणी अस्पृश्य तेथे पाणी घेऊ शकत नव्हता. कायदा स्वच्छ, व्यवहार नासलेला. डी प्रीस्टच्या कलमासारखेच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले ते तहान भागवायला नव्हे. त्या पाण्यावाचून आपण मेलो नव्हतो, हे त्यांनीच सांगितले. तो समतेचा दावा होता, आणि तो न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडले. मग वेगळे तळे मागणे म्हणजे हा दावाच सोडून देणे नव्हे काय?

हाच प्रश्न मी माझ्या वडिलांना विचारला होता. आमच्या गावात दोन हापसे. एक गावात चावडीपाशी, एक आमच्या बौद्ध वस्तीत. कागदोपत्री दोन्ही सार्वजनिक. मी कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात आमच्या हापशाचे पाणी आटले. चावडीच्या हापशाला पाणी होते. पण आमच्या बायका तेथे गेल्या की रांग सगळ्यांची संपेपर्यंत त्यांना उभे राहावे लागे. कोणी नाही म्हणत नसे. 'थांबा जरा, आमचं होऊ द्या' एवढेच. माझ्या आईला एकदा सकाळी सातपासून अकरापर्यंत उभे राहावे लागले. दादांनी अर्ज लिहून घेतला. मला वाटले, चावडीवरच्या वागणुकीची तक्रार असेल. वाचला तर मागणी होती वस्तीत दुसरा बोअर पाडून मिळण्याची. मी अर्ज फाडायला निघालो. म्हणालो, "दादा, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवरून काढा मग." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी तुझ्या आईची घागर भरू दे. भांडायला उभी हयात हाय." त्या वेळी मला त्यांची लाज वाटली. हे लिहायला मला पंधरा वर्षे लागली आहेत.

'ग्रीन पाश्चर्स'चा इतिहास वाचताना दादांची बाजू मला प्रथमच कळली. क्लिफ्टन फोर्जच्या ज्या माणसांनी वनसेवेकडे मागणी केली, त्यांना समतेचा अर्थ कळत नव्हता असे म्हणण्याचा मला काय अधिकार? त्यांची मुले त्या उन्हाळ्यात लहान होती. मुलांचे लहानपण न्यायालयाच्या निकालासाठी थांबत नाही. शिवाय त्यांनी मागणी राज्याकडे केली नाही, केंद्राच्या वनाकडे केली. कोठे फट आहे हे त्यांना नीट ठाऊक होते. आणि एकदा मिळालेली जागा त्यांनी दान म्हणून वापरली नाही. तेथे ते जमले, त्यांच्या सभा-संमेलनांना काठ मिळाला. १९५० मध्ये ती जागा सर्वांना खुली झाली. त्याच व्हर्जिनियाची सरकारी उद्याने अजून बंदच होती.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी दादांच्या प्रेमापोटी इतिहास वाकवतो असे होईल. वेगळी सोय राज्यकर्त्यांच्या फार सोयीची असते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस डॅनव्हिल गावच्या कॉनरॅड मार्टिन या काळ्या बँकवाल्याला स्टॉन्टन रिव्हर उद्यानात प्रवेश नाकारला गेला. तो न्यायालयात गेला. राज्याने काय करावे? ते उद्यान उघडले नाही. प्रिन्स एडवर्ड परगण्यात काळ्यांसाठी वेगळे उद्यान १९५० मध्ये सुरू केले. तेथे दोन तळी जवळजवळ आहेत. गुडविन तळे गोऱ्यांचे, प्रिन्स एडवर्ड तळे काळ्यांचे. मध्ये थोडे रान. दुसऱ्या एका उद्यानाबाबत, समुद्रकाठच्या, असाच दावा उभा राहिला तेव्हा राज्याने १९५५ मध्ये ते उद्यानच बंद केले. काळ्यांना नको, तर कोणालाच नको. आणि याच प्रिन्स एडवर्ड परगण्याने १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे आपल्या सरकारी शाळांना कुलूप लावले, पण काळी-गोरी मुले एका बाकावर बसू दिली नाहीत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तळ्यांवरचे निर्बंध गेले. दोन्ही उद्याने एकत्र व्हायला १९७६ साल उजाडले आणि दहा वर्षांनी त्यांना 'जुळी तळी' असे गोड नाव मिळाले. जुळी! जन्मतःच वेगळी टाकलेली ती जुळी.

म्हणजे वेगळे तळे मागणाऱ्याच्या हातात ते पायरी असते आणि देणाऱ्याच्या हातात तेच कुंपण असते. वस्तू एकच. मागणारा थांबला की कुंपण उरते. मार्टिन थांबला नाही, क्लिफ्टन फोर्जचे लोकही थांबले नाहीत. दादा थांबले का, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

अमेरिकेतल्या सगळ्याच तळ्यांची गोष्ट काळ्या-गोऱ्यांची नाही, हेही नोंदवतो. उत्तरेकडे मिनेसोटात चिप्पेवा राष्ट्रीय वन आहे. तेथली तळी प्रसिद्ध आहेत. तंबूवाल्यांची उन्हाळ्यात गर्दी असते. ते वन १९०८ मध्ये स्थापन झाले ते ओजिब्वे लोकांच्या राखीव प्रदेशातून जमीन काढून. त्याआधी १८८०च्या दशकात सरकारने तळ्यांना धरणे घालून पाणी चढवले आणि त्यांच्या तळ्यातला आपोआप उगवणारा भात, जो त्यांचे अन्न आणि धर्म दोन्ही आहे, जागोजागी बुडाला. वनाला नाव मात्र त्यांचेच दिले. लीच लेकच्या ओजिब्वेंना त्यातली सुमारे ११,७६० एकर जमीन परत देण्याचा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला. आपल्याकडे प्रकल्पांना आणि अभयारण्यांना आदिवासींच्या गावांची नावे देण्याची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे ताडून पाहावे.

आणि सहलीचा प्रश्न आपला नव्हता असेही कोणी समजू नये. १९३४ मध्ये बाबासाहेब आणि त्यांचे तीसेक सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. सत्याग्रहाला नव्हे, मोर्चाला नव्हे, सहलीला. आपण कोण हे कळू नये म्हणून त्यांनी गाजावाजा न करता जायचे ठरवले होते. 'ग्रीन बुक' हाती धरून निघणाऱ्या काळ्या कुटुंबाची सावधगिरी आणि ही सावधगिरी एकाच जातीची आहे. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी एक लहान हौद होता. प्रवासाची धूळ अंगावर, म्हणून काहींनी त्यातल्या पाण्याने तोंडे धुतली. एक म्हातारा मुसलमान गृहस्थ ओरडत आला, की यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो या अटीवर, की आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही; आणि पाळत ठेवायला एक सशस्त्र शिपाई बरोबर दिला. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेला, गोलमेज परिषदेत बोललेला माणूस किल्ला पाहतो आहे आणि शिपाई पाहतो आहे त्याचे हात. 'दलित साहित्यात निसर्ग का नाही' असे विचारणाऱ्या मित्रांना मी हल्ली हा प्रसंग वाचायला सांगतो. त्या दुपारी किल्ल्यावरून दृश्य सुंदरच दिसत असणार.

'ग्रीन पाश्चर्स'चे नाव १९६०च्या दशकात बदलले गेले आणि ते 'लाँगडेल' झाले. भेदाच्या काळाची आठवण नको, असा त्यामागे हेतू असेल. पण त्यामुळे ते तळे कोणी मागितले होते हेही पुसले गेले. अलीकडच्या काळात मूळ नाव परत आले आहे. आम्ही रविवारी परतताना माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, पुढच्या वेळी तिकडे जाऊ." मी म्हटले, "येताना दादांना घेऊन येतो." दोघांनाही ठाऊक होते की हे घडणारे नाही. दादांना आता गुडघ्यांमुळे वस्तीच्या टोकापर्यंतही चालवत नाही.

दादांच्या अर्जावर बोअर मंजूर झाला होता. मी शेवटच्या वर्षाला असताना वस्तीत दुसरा हापसा बसला आणि आई त्याला पहिले हळदकुंकू न लावता निळे फडके बांधून आली. आता गावात नळयोजना आली आहे. पाणी दिवसाआड येते, गावाला सकाळी, वस्तीला दुपारी. हापसे दोन्हीकडचे बंद आहेत. आमच्या हापशाचा दांडा कोणीतरी काढून नेला. चावडीजवळचा अजून उभा आहे. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा सहज दाबून पाहिला. पाणी आले नाही. पण कट्ट्यावर बसलेल्यांपैकी एकाने मान वळवून पाहिले.